फौज पाठवतो कोण, हिशेब मागतो कोण?

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरकडून हैदराबादला जाणाऱ्या रस्त्याने भारतीय फौजेचे रणगाडे निजामाच्या हद्दीत शिरले. नळदुर्ग त्याच दिवशी हाती आले. मेजर जनरल जयंतो नाथ चौधुरी यांची मुख्य फौज या रस्त्याने पुढे सरकत होती. दुसरी फौज विजयवाड्याच्या बाजूने आली, आणि औरंगाबाद-जालन्याकडे आणखी तुकड्या उतरल्या. १७ तारखेला निजाम मीर उस्मान अली खान याने हत्यार खाली ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याचा सेनापती अल इद्रूस चौधुरींना रीतसर शरण आला.

नांदेड तेव्हाही जिल्हा होता. लातूर हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता, तर उदगीर, अहमदपूर आणि निलंगा बिदर जिल्ह्यात मोडत होते. निजामाविरुद्धच्या या मोहिमेला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले गेले, आणि या सगळ्या मुलखातली जुनी माणसे गोष्टींचा काळ सांगताना ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’ आणि ‘पोलीस ॲक्शनच्या नंतर’ अशी खूण सांगत. १७ सप्टेंबरला झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, आणि ते रास्तच आहे. मात्र त्या पाच दिवसांबद्दल एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. फौज पाठवण्याचा हुकूम दिला कोणी? तो देण्याआधी कोणाची परवानगी लागली? आणि नंतर त्याचा हिशेब कोणी मागितला?

जगभरच्या लोकशाह्यांत हा वाद आजही चालू आहे. राष्ट्रप्रमुख म्हणतो, देशाच्या संरक्षणाचा निर्णय तातडीने घ्यावा लागतो, तो माझा अधिकार. लोकप्रतिनिधी म्हणतात, पोरे आमच्या मतदारसंघातली मरतात, पैसा आम्ही मंजूर करतो, मग आम्हाला विचारल्याशिवाय युद्ध कसे? भारतात हा वाद फारसा ऐकू येत नाही. तो का ऐकू येत नाही आणि त्याची किंमत काय पडते, हे समजून घ्यायला नांदेड-लातूरचा पट्टा फार उपयोगी आहे.

कागदावरचा सरसेनापती

आपल्या राज्यघटनेच्या ५३ व्या कलमात लिहिले आहे की संघराज्याच्या संरक्षण दलांचे सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे राहील, आणि त्या अधिकाराचा वापर कायद्याने नियंत्रित होईल. एवढेच वाचले तर वाटेल, राष्ट्रपती भवनातून सही झाली की फौज निघाली. पण ७४ वे कलम सांगते की राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने हा सल्ला स्पष्टपणे बंधनकारक झाला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने राष्ट्रपतींना तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा दिली. तोच सल्ला पुन्हा आला, तर मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे नाव राष्ट्रपतींचे आणि निर्णय पंतप्रधान व त्यांच्या मंत्रिमंडळाचा. प्रत्यक्षात तो मंत्रिमंडळाची सुरक्षाविषयक समिती घेते, आणि तिच्यात मोजके चार-पाच मंत्री असतात.

मग संसदेचे काय? केंद्राच्या विषयसूचीत ‘युद्ध आणि शांतता’ अशी नोंद आहे, म्हणजे त्यावर कायदा करण्याचा हक्क संसदेला आहे. पण युद्ध पुकारण्याआधी किंवा परदेशात फौज धाडण्याआधी लोकसभेत ठराव झालाच पाहिजे, असे कुठल्याही कलमात नाही. युद्धाच्या कारणाने आणीबाणी जाहीर केली, तर मात्र ३५२ व्या कलमाप्रमाणे महिन्याभरात दोन्ही सभागृहांची विशेष बहुमताने मंजुरी लागते. शिवाय मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवावा लागतो. ही लेखी निर्णयाची अट १९७५ च्या आणीबाणीने पोळल्यानंतर घातली गेली. गंमत अशी, की नागरिकांचे हक्क आवळायचे तर संसदेला विचारावे लागते, पण रणगाडे सीमेपार न्यायचे तर विचारावे लागत नाही.

अमेरिकेची रस्सीखेच

अमेरिकेच्या घटनाकारांनी १७८७ मध्ये उलटा विचार केला. राजाच्या लहरीने युद्धे होतात आणि रयत कर भरून मरते, हे त्यांनी पाहिले होते. त्यांनी युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला, आणि युद्ध चालवण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला. कागदावर ही वाटणी चोख आहे. पण अमेरिकेने रीतसर युद्ध पुकारले ते शेवटचे १९४२ मध्ये. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान असे काय काय झाले, तरी युद्धाची रीतसर घोषणा एकदाही झाली नाही. १९५० मध्ये कोरियात फौज उतरवताना ट्रुमन यांनीही ती ‘पोलीस ॲक्शन’ असल्याचे मान्य केले. हैदराबादच्या मोहिमेलाही हेच नाव मिळाले होते. मोहिमेला युद्ध म्हटले नाही की युद्धाबाबतचे पुष्कळ प्रश्न आपोआप टळतात, हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना उमगले होते.

ऑगस्ट १९६४ मध्ये टॉन्किनच्या आखातातील चकमकीनंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी काँग्रेसकडून मोकळा परवाना मागितला. प्रतिनिधिगृहाने तो ४१६ विरुद्ध ० मतांनी दिला. सिनेटमध्ये ८८ जण बाजूने होते, आणि विरोधात फक्त दोघे, वेन मोर्स आणि अर्नेस्ट ग्रुएनिंग. त्या परवान्यावर व्हिएतनामचे युद्ध वर्षानुवर्षे चालले. हात पोळल्यावर काँग्रेसने १९७३ मध्ये युद्धाधिकार कायदा केला. फौज लढाईत उतरवली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे, आणि ६० दिवसांत मंजुरी मिळाली नाही तर माघारी बोलवायचे. निक्सन यांनी या कायद्यावर नकाराधिकार वापरला. नोव्हेंबर १९७३ मध्ये दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो मोडून काढला.

पण कायदा झाला म्हणून भांडण मिटले नाही. त्यानंतरच्या जवळपास प्रत्येक राष्ट्राध्यक्षाने हा कायदा आपल्याला पुरता बांधत नाही, अशीच भूमिका घेतली. २००१ मध्ये दहशतवाद्यांविरुद्ध बळ वापरण्याची परवानगी दिली गेली, तेव्हा प्रतिनिधिगृहात बार्बरा ली या एकट्याच विरोधात उभ्या राहिल्या. तीच परवानगी पुढे वीस वर्षे वेगवेगळ्या देशांतल्या कारवायांसाठी वापरली गेली. २०१९ मध्ये येमेनच्या युद्धातला अमेरिकी सहभाग थांबवणारा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, तर ट्रम्प यांनी तो नकाराधिकाराने उडवला. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्बफेक झाल्यानंतर सिनेटर टिम केन यांनी राष्ट्राध्यक्षाचे हात बांधणारा ठराव आणला. तो ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडला.

ठराव पडला, पण कोणी कुठे मत दिले हे नावानिशी नोंदले गेले. मतदाराला पुढच्या निवडणुकीत जाब विचारायला तेवढे पुरते. शिवाय अमेरिकेत स्वतःच्या पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही.

ब्रिटनची घटना लिखित नाही, तिथे फौज पाठवण्याचा अधिकार जुन्या राजसत्तेकडून पंतप्रधानांकडे आला. तरी मार्च २००३ मध्ये इराकवर चढाई करण्याआधी टोनी ब्लेअर यांना मतदान घ्यावे लागले. ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातल्या कारवाईचा प्रस्ताव २८५ विरुद्ध २७२ मतांनी फेटाळला गेला, आणि पंतप्रधान कॅमेरॉन यांनी तो कौल मानला. कायद्याची सक्ती नसताना, निव्वळ पायंड्याच्या जोरावर हे घडले.

१९४८: ज्या सभागृहात आपले कोणी नव्हते

आता परत मराठवाड्याकडे वळू. निजामाने जून १९४७ मध्ये फर्मान काढून स्वतंत्र राहण्याचा इरादा जाहीर केला होता. हैदराबाद स्टेट काँग्रेसचे अध्यक्ष स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्टलाच अटक झाली. नोव्हेंबर १९४७ च्या अखेरीस भारत आणि निजाम यांच्यात वर्षभराचा जैसे थे करार झाला. करार एकीकडे, आणि दुसरीकडे निजामाच्या बाजूने हत्यार उचललेले कासिम रझवीचे रझाकार गावागावांत धुमाकूळ घालत होते. हा रझवी मूळचा लातुरात वकिली करणारा माणूस. जाळपोळ, लूट, खून यांनी सीमेलगतची गावे ओस पडली. विलीनीकरणाच्या बाजूने लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. इकडे उमरखेडसारख्या सरहद्दीवरच्या कॅम्पांतून स्वातंत्र्यसैनिक निजामी ठाण्यांवर हल्ले करत होते, आणि नांदेड जिल्ह्यातली उमरीची बँक लुटून चळवळीला पैसा मिळवला गेला होता.

दिल्लीत निर्णय घेणारी माणसे मोजकी होती. सरदार पटेल कारवाईला उतावीळ होते. नेहरूंना काश्मीरची आणि देशभर जातीय वणवा पेटण्याची धास्ती होती. सरसेनापती जनरल रॉय बुचर हे ब्रिटिश, त्यांना मोहीम पुढे ढकलायची होती. राष्ट्रपतिपद तेव्हा नव्हतेच, गव्हर्नर जनरल होते राजाजी. हैदराबादचा वाद निजामाने ऑगस्टमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेला होता, त्यामुळे घाईला आणखी एक कारण मिळाले. ७ सप्टेंबरला नेहरूंनी घटना समितीच्या विधिमंडळ बैठकीत निवेदन केले. रझाकार बरखास्त करा आणि भारतीय फौज पुन्हा सिकंदराबादेत येऊ द्या, अशी मागणी निजामाकडे केल्याचे त्यांनी सांगितले. सहाव्या दिवशी फौज हद्दीत शिरली.

सभागृहाला माहिती मिळाली होती. ऑगस्टमध्ये हैदराबादवर श्वेतपत्रिकाही निघाली होती. पण ज्या मुलखात फौज जाणार होती, त्या मुलखाचा एकही प्रतिनिधी त्या सभागृहात नव्हता. हैदराबादच्या वाट्याच्या जागा घटना समितीत शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. मुक्तीनंतर चौधुरी लष्करी गव्हर्नर झाले आणि १९४९ च्या अखेरीपर्यंत राहिले. १९५० मध्ये वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री झाले. लोकांनी निवडून दिलेले सरकार आले ते १९५२ मध्ये. म्हणजे साडेतीन वर्षे नांदेड-लातूरच्या माणसाला आपल्या मताने पाठवलेला माणूसच नव्हता, ज्याच्या तोंडून प्रश्न विचारता येईल.

फौज आली ती सुटका करायला, आणि बहुसंख्य लोकांनी तिचे स्वागत केले, याबद्दल वाद नाही. हिशेबाचा प्रश्न उभा राहतो तो त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल.

लातूरचे पान

कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला जात असल्याच्या बातम्या दिल्लीला पोचल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाहणीला पाठवले. नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत ते जिल्ह्याजिल्ह्यांत फिरले. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ बसल्याचे त्यांनी नोंदवले. संस्थानभर कारवाईच्या काळात आणि नंतर मेलेल्यांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता.

अहवालात लातूर शहराची नोंद वेगळी आहे. रझवीचे हे गाव, आणि कच्छी मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी पेठ. इथे वीस दिवसांहून अधिक काळ हत्या चालू राहिल्याचे समितीने लिहिले. गावात मुसलमानांची वस्ती सुमारे दहा हजार होती, समिती पोचली तेव्हा जेमतेम तीन हजार उरले होते. हजारावर मारले गेले, बाकीचे जीव घेऊन पळाले. काही ठिकाणी फौजेतल्या आणि पोलिसांतल्या माणसांनी लुटीत हात धुऊन घेतल्याची, दंगेखोरांना चिथावल्याची नोंद आहे. अधिकाऱ्यांची शिस्त एकंदरीत चांगली होती, असेही त्यात म्हटले आहे. जिवावर उदार होऊन शेजारच्या मुसलमानांना घरात लपवणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे.

हा अंदाज कितपत बरोबर, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रझाकारांनी आधी केलेल्या अत्याचारांच्या संदर्भाशिवाय हे पान वाचणे अन्यायाचे होईल, हेही खरे. पण या सगळ्याची उलटतपासणी व्हायची जागा म्हणजे सभागृह. आकडे खोटे असतील तर सरकारने तिथे उभे राहून ते खोडायचे असतात. खरे असतील तर जबाबदारी ठरवायची असते. यातले काहीच झाले नाही. पटेलांना ती पाहणीच पसंत नव्हती. अहवाल प्रसिद्ध झाला नाही, तो दप्तरात पडून राहिला. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो सर्वसामान्य वाचकाला पाहायला मिळू लागला, तेव्हा २०१३ साल उजाडले होते.

त्या पासष्ट वर्षांत मराठवाड्यात दोन इतिहास शेजारी शेजारी वाढले. एका घरात रझाकारांच्या गोष्टी सांगितल्या गेल्या, दुसऱ्या घरात पोलीस ॲक्शननंतरच्या. दोन्ही खऱ्या, दोन्ही अर्ध्या. अधिकृत कागद वेळेवर उघडा पडला असता तर निदान दोघांना एकाच पानावरून वाद घालता आला असता.

संसद जागी झाली ते दिवस

प्रजासत्ताकात संसदेने फौजेच्या कारभारावर पकड घेतल्याचे काही प्रसंग आहेत, आणि सुटल्याचेही. ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनचा हल्ला झाला. तरुण खासदार वाजपेयी यांच्यासह विरोधकांनी अधिवेशन लवकर बोलावण्याची मागणी केली, आणि सीमेवर लढाई चालू असताना ८ नोव्हेंबरला संसद भरली. आदल्याच दिवशी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले होते. काँग्रेसच्याच खासदारांनी तो राजीनामा पदरात पाडून घेतला होता. त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण सह्याद्रीला धावण्याची वाट खासदारांच्या रेट्याने मोकळी झाली होती, हे सांगायचे राहून जाते. ऑगस्ट १९६३ मध्ये आचार्य कृपलानी यांनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण नेहरूंना चीनकडून झालेल्या पराभवावर सभागृहात उभे राहून उत्तर द्यावे लागले. मात्र त्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स अहवाल संसदेपुढे कधीच आला नाही.

१९८७ मध्ये पकड सुटली. २९ जुलैला कोलंबोत भारत-श्रीलंका करारावर राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांच्या सह्या झाल्या, आणि लगोलग भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरू लागली. संसदेच्या वाट्याला आले ते निवेदन. ज्या तमिळ वाघांना शस्त्रे खाली ठेवायला लावायची होती, त्यांच्याशीच लढाई जुंपली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परत आली, तोवर सुमारे बाराशे जवान कामी आले होते.

१९९९ चा प्रसंग आणखी विचित्र. एप्रिलमध्ये लोकसभा विसर्जित झाली होती आणि वाजपेयी सरकार काळजीवाहू होते. कारगिलची लढाई सुरू झाली तेव्हा राज्यसभा मात्र शाबूत होती. विरोधकांनी तिचे खास अधिवेशन मागितले, सरकारने ते बोलावले नाही. १९६२ मध्ये ज्यांनी अधिवेशन मागितले होते, त्यांच्याच सरकारने हा नकार दिला. युद्धानंतर मात्र सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली, आणि काही भाग वगळून तिचा अहवाल फेब्रुवारी २००० मध्ये संसदेत मांडला गेला. चुका झाल्याचे अधिकृत कागदात लिहून आले, तरी देशाचे काही वाकडे झाले नाही. उलट त्या अहवालावरून गुप्तवार्ता आणि संरक्षण व्यवस्थेत सुधारणा झाल्या.

सर्वांत बोलका प्रसंग २००३ चा. अमेरिकेला इराकमध्ये भारतीय फौज हवी होती, आणि दिल्लीत तिच्या बाजूनेही वजनदार माणसे होती. पण एप्रिलमध्येच लोकसभेने इराकवरच्या चढाईविरुद्ध एकमताने ठराव केला होता. जुलैमध्ये मंत्रिमंडळाच्या सुरक्षा समितीने ठरवले की संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाशिवाय फौज जाणार नाही. ठराव कायद्याने बंधनकारक नव्हता. तरी सभागृहाचा एकमुखी शब्द डावलून पुढे जाणे वाजपेयींना सोपे राहिले नाही. कदाचित हजारो जवानांचे जीव त्या ठरावाने वाचले असतील.

२०२५ मध्ये पाकिस्तानविरुद्धचे ‘ऑपरेशन सिंदूर’ ७ मे रोजी सुरू झाले. खास अधिवेशनाची मागणी झाली, ती मान्य झाली नाही. चर्चा झाली जुलैअखेर, पावसाळी अधिवेशनात.

नांदेड आणि लातूरचे दोन नेते

ज्या पट्ट्याला १९४८ मध्ये सभागृहात तोंड नव्हते, तिथूनच पुढे असे दोन नेते निघाले की फौजेच्या कारभाराच्या दोऱ्या काही काळ त्यांच्या हाती आल्या.

नांदेडचे शंकरराव चव्हाण. हैदराबाद मुक्तिसंग्रामात वकिली सोडून उतरलेला हा माणूस नांदेडचा नगराध्यक्ष झाला, दोनदा मुख्यमंत्री झाला, आणि १९८४ मध्ये काही महिने देशाचा संरक्षणमंत्री राहिला. १९८९ मध्ये अर्थमंत्री म्हणून त्यांनी देशाचा अर्थसंकल्प मांडला, तेव्हा शांतिसेना श्रीलंकेतच होती. संसदेची खरी ताकद या अर्थसंकल्पात असते. संसदेने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून एक पैसा निघत नाही, बंदुकीच्या गोळीचाही नाही. पण या ताकदीला दोन गाठी बसल्या आहेत. पहिली १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्याची. पक्षादेश मोडून अनुदानाच्या मागणीविरुद्ध मत दिले तर खासदारकी जाऊ शकते. दुसरी गिलोटिनची. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मंत्रालयांच्या मागण्या चर्चेविना एकगठ्ठा मतास टाकल्या जातात, आणि संरक्षणाच्या मागण्या कित्येक वर्षी अशाच मंजूर झाल्या आहेत. ग्रामसभेत खर्चाचे पत्रक वाचूनच न दाखवता सगळ्यांचे अंगठे घ्यावेत, तसला हा प्रकार.

दुसरे नेते लातूर जिल्ह्यातल्या चाकूरचे शिवराज पाटील. १९८० मध्ये लातूरमधून लोकसभेवर गेले आणि लगेच संरक्षण राज्यमंत्री झाले. मंत्र्याच्या बाजूने कारभार कसा दिसतो ते त्यांनी जवळून पाहिले होते. १९९१ मध्ये ते लोकसभेचे सभापती झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत, १९९३ मध्ये, मंत्रालयनिहाय सतरा स्थायी समित्या सुरू झाल्या. त्याआधी शेती, पर्यावरण आणि विज्ञान अशा तीनच विषयांच्या समित्या होत्या. नव्या सतरांत एक संरक्षणाची होती.

ही समिती चालते कशी, ते पाहण्यासारखे आहे. अर्थसंकल्प मांडून झाल्यावर सभागृहाला काही आठवड्यांची सुटी असते, तेव्हा समिती बसते. दोन्ही सभागृहांतले, सर्व पक्षांचे खासदार टेबलाभोवती असतात. मंत्री समितीचा सदस्य नसतो. संरक्षण सचिव, उपसेनाप्रमुख, हिशेबनीस अधिकारी समोर बसून उत्तरे देतात. बैठकीला पत्रकार नाहीत, कॅमेरे नाहीत, पक्षादेशही नाही. त्यामुळे सत्ताधारी खासदारही मोकळेपणाने विचारतो की दारूगोळा किती दिवसांचा आहे. अहवाल सभागृहात ठेवला जातो, आणि मंत्रालयाला त्यावर काय केले ते तीन महिन्यांत कळवावे लागते. मार्च २०१८ मध्ये याच समितीपुढे उपसेनाप्रमुखांनी सांगितले की लष्कराची ६८ टक्के साधनसामग्री जुनाट झालेली आहे. लोकसभेच्या भरल्या सभागृहात असे उत्तर कोणत्याही संरक्षणमंत्र्याने दिले नसते.

समितीच्या मर्यादाही आहेत. तिच्या शिफारशी सल्लावजा असतात. दैनंदिन कारभारात तिने पडायचे नाही असा नियम आहे. चालू मोहिमेवर ती लगाम घालू शकत नाही. पण फौजेच्या कारभाराबद्दल पक्ष विसरून प्रश्न विचारण्याची जी एक जागा आपल्याकडे आहे, ती ही.

समित्या सुरू झाल्या त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादेत सुमारे आठ हजार माणसे गेली. तेव्हाही फौज आली, ढिगारे उपसले, प्रेते काढली. अशा वेळी फौज मुलकी प्रशासनाच्या बोलावण्यावरून येते, आणि काम संपले की छावणीत परत जाते. कोणी, कशासाठी आणि किती काळासाठी बोलावले, हे तिथे आधीच स्पष्ट असते. युद्धाच्या वेळी नेमक्या याच तीन गोष्टी धूसर होतात.

मागता येण्याजोगे काय?

अमेरिकेसारखी युद्धाआधी मतदानाची सक्ती भारतात आणावी का? असा कायदा करायला घटनेची आडकाठी नाही. ५३ व्या कलमातच अधिकाराचा वापर कायद्याने नियंत्रित होईल असे म्हटले आहे. पण पक्षादेशाची गाठ कायम असेल, तर असे मतदान म्हणजे सरकारच्या बहुमताची मोजदाद ठरेल. आणि सीमेवर हल्ला झाला तर सभागृह भरेपर्यंत थांबा, असे कोणी म्हणणार नाही. अमेरिकेचा पन्नास वर्षांचा अनुभवही सांगतो की रणगाडे निघाल्यावर त्यांना अडवणारा ठराव क्वचितच टिकतो.

आपल्या हातात जे खरोखर आहे ते नंतरच्या हिशेबाचे. १९४८ मध्ये मराठवाड्याचे नुकसान फौज न विचारता आली म्हणून झाले नाही. ते नंतर कोणी काही विचारू शकले नाही म्हणून झाले. त्यामुळे मागण्या तिथूनच सुरू व्हायला हव्यात. परदेशात फौज गेली तर ठरावीक दिवसांत सभागृहात निवेदन आणि चर्चा. मोहीम संपली की कारगिलसारखा आढावा, आणि तो संसदेपुढे ठेवण्याची तारीख आधीच जाहीर. संरक्षणाच्या मागण्या गिलोटिनखाली न घालता त्यांवर दरवर्षी चर्चा. युद्धाविषयीच्या ठरावांपुरती पक्षादेशातून सूट. आणि जुने कागद खुले करणे. सार्वजनिक अभिलेखांच्या नियमांत पंचवीस वर्षांची मुदत आहे, २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांचे इतिहास साधारण याच मुदतीत खुले करण्याचे धोरणही जाहीर केले. हेंडरसन ब्रुक्स अहवालाला साठ वर्षे होऊन गेली, तरी तो अजून अधिकृतपणे बाहेर यायचा आहे.

यातल्या निम्म्या गोष्टींना घटनादुरुस्ती लागत नाही. लोकसभेच्या नियमांप्रमाणे गोपनीय माहिती मागणारा प्रश्न नाकारला जाऊ शकतो. पण पंचवीस वर्षांपूर्वीचा अहवाल अजून गोपनीय का आहे, हा प्रश्न कोणत्याही खासदाराला विचारता येतो. त्यासाठी किमान पंधरा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नांदेड-लातूरकडे आता ती देणारे खासदार आहेत. प्रश्न त्यांच्या हातात ठेवणे हे मतदारांचे काम आहे.